आधी कुठली जागा वाचवायची?

गणपतीनंतर आलेल्या टपालात चार पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली. मी इंदूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे धाडली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. बाकीच्या उत्तरांचा पाया त्यात असल्याने ते तसंच ठेवते.

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाच्या शिलकीतून यंदा एक लाख रुपये निसर्गासाठी काढायचं ठरलं. पण ते कुठे द्यायचे यावर सगळ्या बैठका वादात गेल्या. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, सह्याद्रीत काम करणाऱ्यांना द्या; जगात नावाजलेली जागा आहे आणि आपली मुळंही तिकडचीच. तरुण मुलं म्हणतात, रालामंडलच्या टेकडीवर झाडं लावू. मला वाटतं, सिरपूर तलाव आपल्या दारात आहे, तो आधी. निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : वाद झाला हे चांगलंच झालं, तो मिटवायची घाई करू नका. पैसा थोडा आणि जागा पुष्कळ, मग आधी कुठे, हा प्रश्न घेऊन शास्त्रज्ञही गेली साडेतीन दशकं बसले आहेत. १९८८ साली नॉर्मन मायर्स या ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञाने त्यावर एक कसोटी मांडली आणि पुढे ती पक्की होत गेली. जगात दुसरीकडे कुठेही न उगवणाऱ्या वनस्पतींच्या किमान १५०० जाती जिथे आहेत आणि मूळचं ७० टक्के तरी रान जिथून गेलं आहे, तिथे आधी धावायचं. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५ जागा मोजल्या. तिथे उरलेलं रान म्हणजे पृथ्वीवरच्या जमिनीचा जेमतेम १.४ टक्का भाग, आणि जगातल्या ४४ टक्के वनस्पतीजाती फक्त तेवढ्यातच. आज ती यादी ३६ वर गेली आहे. सह्याद्री श्रीलंकेसह त्या २५ जागांपासूनच तिच्यात आहे. तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं म्हणून वजनदार आहे.

पण हा नकाशा एकच गोष्ट विचारतो : अनन्य जीव कुठे आहेत? कुठलं रान कुणाच्या विहिरीचं पाणी धरून ठेवतं, कुठल्या गवतावर कुणाच्या म्हशी जगतात, हे त्याने विचारलेलंच नाही. त्यासाठी वेगळे नकाशे काढावे लागले. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात पाणी, परागीभवन, पूर अडवणं, चारा, लाकूड अशा निसर्गाच्या देण्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या बहुतेकांचा ९० टक्के वाटा जगातल्या सुमारे ३० टक्के जमिनीतून येतो असं त्यात निघालं. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तर काही ठिकाणी छान जुळतात आणि काही ठिकाणी अजिबात जुळत नाहीत. एकाच जागेत सगळं साधतं असं कुणी सांगितलं तर त्याला आणखी चार प्रश्न विचारा.

त्याच वर्षी डिसेंबरात माँट्रियलला देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. मला या आकड्याची आशाही वाटते आणि धास्तीही. टक्केवारी भरायला उंच, खडकाळ, शेतीला निरुपयोगी जागा सोप्या पडतात, कारण त्या कुणी मागत नाही. जगातली कितीतरी राष्ट्रीय उद्यानं अशाच जागी आहेत. ज्या जमिनीवर खरी ओढाताण आहे, ती मागेच राहते.

आता तुमचे एक लाख. कुठल्याही जागेपुढे उभं राहून मी आधी हे विचारते : इथलं गेलं तर दुसरीकडे मिळेल का? होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक आणला त्या शहरात हे सांगायला नको की अकराही फलंदाज घेऊन संघ होत नाही. दोन तलावांवर शंभर-शंभर जातींचे पक्षी असतील, पण तेच ते असतील, तर दुसऱ्या तलावाने यादीत फारशी भर पडत नाही. उलट एखाद्या उजाड दिसणाऱ्या माळावर दहाच जाती असतात आणि त्यांतल्या एकीला जगात दुसरं घरच नसतं. तो माळ आधी घ्यायचा.

दुसरं, आपण काहीच केलं नाही तर दहा वर्षांनी तिथे काय असेल? हा प्रश्न लोक विसरतात आणि तोच पैशाशी थेट जोडलेला आहे. रालामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे. होळकरांची शिकारगाह असलेली ती टेकडी जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची, कुंपण घातलेली, वनखात्याच्या ताब्यात. तुमचा लाख तिथे गेला काय आणि न गेला काय, टेकडी राहणारच. मुलांना तिथे जरूर पाठवा, पहाटे चढून यावं अशीच जागा आहे, पण पैसा तिथे नको. शिवाय आपल्या शहराला झाडं लावण्याचा उत्साह कमी नाही. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लागली. त्यांना पुढची काही वर्षं पाणी घालणारे हात लागतील, आणि तुमच्या तरुण मुलांचा उत्साह मला तिथे कामाचा वाटतो.

सह्याद्रीलाच द्यायचे असतील तर नावाजलेल्या अभयारण्यांकडे जाऊ नका, तिथे लक्ष देणारे पुष्कळ आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं पाहा. पावसाळ्याचे चार महिने त्यांवर अशी फुलं येतात जी इतरत्र नाहीत, आणि कागदोपत्री अशी जमीन पडीक म्हणून लागलेली असते. पडीक म्हटलं की खाणीला आणि बांधकामाला ती पहिली दिसते.

तिसरं, फायदा कुणाच्या घरात जातो? इथे मी सिरपूरकडे वळते. धार रोडवरचे छोटा आणि बडा सिरपूर हे होळकरी काळातले तलाव. अतिक्रमण आणि सांडपाण्याने त्यांचा जीव जायची वेळ आली होती. आपल्यातलेच चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे नेचर व्हॉलंटियर्सचे सोबती वर्षानुवर्षं मागे लागले, म्हणून आज तिथे हिवाळ्यात बदकं उतरतात. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही पाणथळं रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आली. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही पाणथळांसाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. सिरपूरच्या भोवती दाट वस्ती आहे. तलाव भरला की आसपासच्या बोअरिंगांना पाणी राहतं, आणि ज्यांना एप्रिलमध्ये टँकर परवडत नाही त्यांना ते सगळ्यात आधी कळतं. माझ्या मते माणसांच्या हिशेबातलं सगळ्यात मोठं वजन हेच आहे : जागा हातची गेली तर पर्याय विकत घेण्याची ऐपत कुणाची नाही?

म्हणून सिरपूर. पण काठावर बाकं, रंगीत पाट्या आणि फुलझाडं यांवर एक रुपयाही घालू नका. तलावाचं दुखणं जवळजवळ नेहमी वरच्या अंगाला असतं. पावसाचं पाणी ज्या उतारांवरून, ज्या नाल्यांतून तलावात येतं त्यांतला एखादा भरावाखाली बुजतो, दुसऱ्यात एखाद्या कॉलनीचं ड्रेनेज सुटतं. मग पावसाळ्यात हवं ते पाणी येत नाही आणि बाराही महिने नको ते येत राहतं. २०१७ च्या पाणथळ नियमांत तलावाबरोबर त्याच्या प्रभावक्षेत्राचाही विचार करायला सांगितलं आहे, म्हणजे कायदा वरच्या अंगाकडे बघायला तयार आहे. त्याच्यापुढे ठेवायला कागद हवा. तुमच्या मंडळात निवृत्त इंजिनियर असतीलच, इंदूरच्या कुठल्या मराठी मंडळात नसतात? त्यांना घेऊन भर पावसात चाला. कुठून पाणी येतं, कुठे अडतं, कुठे काळं होतं, हे पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) नकाशावर खसरा नंबरासकट, म्हणजे जमिनीच्या गट क्रमांकासकट लिहून काढा. निम्मे पैसे या मोजणीला आणि निम्मे दर महिन्याच्या पाणी तपासणीला ठेवा. वर्षभराने तो नकाशा घेऊन पार्षदाकडे (नगरसेवकाकडे) आणि नगर निगमात जा. झाडं लावल्याचा फोटो पेपरात येतो, नाल्याच्या नकाशाचा येत नाही. तरी मी हाच सल्ला देईन.

प्रश्न : इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून येतं. मग शहराजवळची तळी आणि जंगलं माणसांच्या भल्यासाठी जपायची हे म्हणणं कितपत खरं? पाण्याची गरज तर पाइपाने भागली. (निवृत्त अभियंता, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत, म्हणून नेमकंच उत्तर द्यायला हवं. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं आणि आपली तहान भागली. त्याबरोबर गावातल्या तळ्यांशी आणि विहिरींशी आपलं नातंही सुटलं. बिलावली तलावाला पाणी किती चढलं हे पूर्वी घराघरांत विचारलं जाई.

पण पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहा. इंदूर पाणी उत्तर-दक्षिण वाटून देणाऱ्या कण्याजवळ वसलं आहे. आपली कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते तीही उत्तरेकडेच वाहते. मात्र त्याच महूच्या दक्षिणेला जमीन एकदम तुटते. पातालपानीला चोरल नदी दरीत उडी घेते आणि सागाच्या रानातून उतरत बडवाहजवळ नर्मदेला मिळते. आपलं पाणी जिथून उचललं जातं ते जलूद मंडलेश्वरजवळ, म्हणजे त्या संगमाच्या खाली आहे. पातालपानीला पडलेल्या पावसाचा काही अंश पंपाने पुन्हा घाट चढून तुमच्या नळाला येतो. वर इंदिरासागर आणि ओंकारेश्वरसारखी धरणं असताना चोरलचा वाटा लहानच आहे, तो फुगवून सांगणार नाही. पण उतारावरचं रान गेलं तर पहिल्या पावसात माती सुटते, नदी गढूळ होते, आणि फेब्रुवारीपर्यंत वाहणारे ओढे दिवाळीतच आटतात. त्याची पहिली झळ नळ असलेल्या आपल्याला लागत नाही. रानातल्या भिल-भिलाला पाड्यांना लागते. त्यांचं पाणी, सरपण, मोहाची फुलं, तेंदूपत्ता सगळं त्याच उतारावर आहे.

शहराने दूरच्या डोंगराला पैसे देण्याची गोष्ट नवीन नाही. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांना मदत करायची, नाल्याकाठच्या जमिनी राखायच्या, गावांची सांडपाण्याची सोय करायची. बहुतेक पाणी त्या शहराला आजही गाळणी प्रकल्पाशिवाय मिळतं. आपण यातलं काही करू शकणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर निगमाने जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. मागणी त्याच्या कितीतरी पट आली आणि त्यात सामान्य लोकांनीही पैसे लावले. पाणी वर चढवणाऱ्या विजेसाठी जे शहर एवढं करतं, ते पाणी धरणाऱ्या डोंगरासाठी त्याचा लहानसा भाग का करू नये? नळपट्टीतला ठरावीक हिस्सा चोरल खोऱ्यातल्या ग्रामसभांना मिळावा आणि त्यांनी चराई, आग आणि तोड सांभाळावी, अशी योजना मला या शहरात पाहायची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक हक्कांचा मार्ग ठेवलाच आहे.

आणखी एक. २०२३ मध्ये महूच्या लष्करी परिसरात वाघ कॅमेऱ्यात दिसला आणि आपण आठवडाभर घाबरलो. तो याच रानाच्या पट्ट्यातून फिरत होता. वन्यजीवांचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा जुळतात अशा थोड्या जागांपैकी हा उतार एक आहे. तुमच्या शब्दाला निगमात वजन असेल तर तो इथे खर्च करा.

प्रश्न : माझं माहेर धारच्या बाजूचं. भावाची जमीन खरमोरसाठी राखलेल्या हद्दीत आली आहे. खरेदी-विक्रीला अडचण, विहिरीला परवानगी, कर्जाला नकार. आणि पाखरू तर त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. माणसापेक्षा पाखरू मोठं का? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तुमच्या भावाचा राग योग्य आहे आणि पाखराची निकडही खरी आहे. यातलं एक खोटं ठरवून मला सुटका करून घ्यायची नाही.

खरमोर, महाराष्ट्रात ज्याला तणमोर म्हणतात, तो कोंबडीएवढा माळढोक कुळातला पक्षी. जुलैत पाऊस लागला की आपल्या माळव्यातल्या गवताच्या बीडांमध्ये, म्हणजे कुरणांमध्ये येतो. नर गवताच्या वर उंच उडी घेतो, क्षणभर हवेत फडफडतो, पडतो, पुन्हा उडतो. दिवसातून शेकडो वेळा. मादीला तो दिसावा म्हणून हा सगळा खटाटोप. आसपास झाडं नकोत, तरच तो दिसतो. १९९९ च्या आसपास देशात साडेतीन हजारांच्या घरात असलेला हा पक्षी दोन दशकांत ऐंशी टक्क्यांनी घटला. २०२१ पासून तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या उत्तरात मी ज्या माळाबद्दल बोलले तो साधारण असाच. रतलामकडचं सैलाना, धारकडचं सरदारपूर, गुजरात-राजस्थानातले काही भाग आणि इतर थोड्या जागा सोडल्या तर विणीसाठी तो जाणार कुठे?

आता दुसरी बाजू. १९८३ मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही दोन्ही अभयारण्यं झाली. सरदारपूरची हद्द सुमारे ३४८ चौरस किलोमीटरची आखली गेली आणि तिच्यात गावंच्या गावं, खाजगी शेती, सगळं आलं. खरं बीड त्यातला थोडासाच तुकडा. कागदावरची रेघ एवढी सैल ओढली की पक्ष्याला उपयोग नसलेल्या शेतांनाही बंधनं लागली, आणि पक्ष्यासाठी जो तुकडा जिवापाड जपायला हवा होता त्याच्याकडे लक्ष विखुरलं. गावात पक्ष्याचं नाव निघालं की लोकांच्या कपाळाला आठी पडू लागली. हद्द मोठी म्हणजे संरक्षण मोठं असं होत नाही. मी वर्गात जागा निवडायला शिकवताना हेच उदाहरण देत असे. बीड कुठे आहे, नर कुठे उडतात, मादी कुठे अंडी घालते हे पायी फिरून नोंदवावं, रेघ तेवढ्याभोवती घट्ट ओढावी, आणि बाकी जमीन मोकळी करावी. आतल्या शेतकऱ्याला त्याच्या नुकसानीचा मोबदला दरवर्षी मिळावा.

चांगला दाखलाही आपल्याच राज्यातला आहे. सैलान्याकडे २००५ पासून वनखात्याने शेतात खरमोर दिसल्याचं कळवणाऱ्या आणि घरटं सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली. काल जो पक्षी जमिनीवर संकट वाटत होता, तो शेतात उतरावा अशी इच्छा होऊ लागते. भावाला सांगा, त्याने ग्रामसभेत दोन मागण्या एकत्र मांडाव्यात : हद्द पुन्हा मोजा, आणि बीडाला लागून असलेल्या शेतांना जुलै ते सप्टेंबर कीटकनाशकं कमी वापरण्याचा मोबदला द्या. नुसती पहिली मागणी केली तर ती पक्ष्याविरुद्धची वाटेल आणि पडून राहील. दोन्ही एकत्र असतील तर वनखात्यातल्या चांगल्या माणसालाही तिच्या बाजूने उभं राहता येईल.

प्रश्न : महूजवळ आमची दोन बिघे मुरमाड जमीन पडून आहे. निसर्गासाठी तिथे झाडं लावावीत असं मुलाच्या मनात आहे. कुठली लावू? (वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : या पावसाळ्यात काहीच लावू नका. कुंपण नीट करा, गुरं चार महिने बाहेर ठेवा, आणि काय उगवतं ते पाहा. आपल्याकडच्या मुरमाड माळावर पवन्या, शेडा अशी गवतं आपोआप येतात, त्यांत लावे आणि चंडोल घरटी करतात. तसं गवत आलं तर तुमच्या जमिनीवर निसर्ग आहेच, वर झाडांचं छप्पर घालून तो मारू नका. बांधाला चार पळस, एखादा मोह आणि बोरी पुरे. गवत ऑक्टोबरच्या शेवटी कापा, पिल्लं तोवर उडून गेलेली असतात, आणि चारा शेजारच्या गोठ्याला द्या. नुसतीच घाणेरी आणि गाजरगवत माजलं तर मात्र मला लिहा. ती उपटायची कशी आणि त्यानंतर काय पेरायचं, हे जमिनीचा उतार आणि पाणी कुठे थांबतं हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. पत्राबरोबर खसऱ्याच्या नकाशाची प्रत आणि जमलं तर ऑगस्टमधले दोन फोटो जोडा.